मॉडेलमधून एजंट: मशीनिंग सेलसाठी निर्णय घेणारं सॉफ्टवेअर कसं उभं करायचं

एकाच ऑपरेशनसाठी दोन-तीन मशिन्स आहेत, जॉबची मिसळ शिफ्टगणिक बदलते आणि एखादं मशीन अलार्मवर गेलं की सुपरवायझरला सगळं नियोजन हाताने फिरवावं लागतं, अशा ठिकाणी सॉफ्टवेअर एजंट उपयोगी पडतात. एकच जॉब, एकच मार्ग आणि प्रत्येक ऑपरेशनला एकच मशीन अशी लाईन असेल तर ते लावू नका. निवडायला पर्यायच नसताना एजंट आणले, तर बिघाडाची एक जागा तेवढी वाढते.

इथे एजंट म्हणजे स्वतःची स्थिती सांभाळणारा, इतरांशी निरोपांतून बोलणारा आणि आखून दिलेल्या मर्यादेत स्वतः निर्णय घेणारा प्रोग्राम. प्रत्येक पॅलेटचा (जॉब वाहून नेणाऱ्या पाटाचा) एक, प्रत्येक मशीनचा एक, कन्व्हेयरच्या प्रत्येक वळणाचा एक. कल्पना जुनी आहे. रीड स्मिथ यांनी काँट्रॅक्ट नेट ही कामासाठी बोली मागवण्याची पद्धत १९८० मध्ये मांडली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डेमलर-क्रायस्लरने श्टुटगार्टच्या उंटरट्युर्कहाइम कारखान्यात सिलिंडर हेडच्या मशीनिंगसाठी अशी एजंटवाली व्यवस्था उभी केली. निरोपांची भाषा ठरवणारी फिपा ही संस्था १९९६ ची, आणि एजंट खालच्या ऑटोमेशनला कसे जोडावेत याची शिफारस करणारं आयईईई २६६०.१ हे मानक २०२० चं. म्हणजे साहित्य सगळं हाताशी आहे. अडतं ते देखभालीत. हाताने लिहिलेले एजंट लाईन बदलली की मागे पडतात, कारण एकच माहिती जावा कोडमध्ये, पीएलसीच्या (मशिन्स आणि कन्व्हेयर चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरच्या) टॅगमध्ये आणि ओपीसी यूएच्या (यंत्रं आणि सॉफ्टवेअर यांच्यातल्या माहितीच्या देवाणघेवाणीच्या मानकाच्या) पत्त्यांमध्ये तीनदा लिहिलेली असते आणि बदलताना त्यातली एक जागा हमखास सुटते. म्हणून हाताने लिहायचं ते लाईनचं मॉडेल, म्हणजे मशिन्स, मार्ग आणि नियमांचं एकाच जागी केलेलं नेमकं वर्णन. एजंट, पीएलसीचे ब्लॉक आणि सिग्नलची यादी त्याच मॉडेलमधून जनरेट करायची.

पुढच्या सगळ्या आकड्यांसाठी एक सेल गृहीत धरू: चार व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मशीनिंग सेंटर), प्रत्येकीसमोर एका पॅलेटचा बफर, मधून फिरणारा रोलर कन्व्हेयरचा लूप, त्यावर १० थांबे, लोडिंग-अनलोडिंगचं एक ठिकाण, आणि एकूण १२ पॅलेट्स. पॅलेटखाली आरएफआयडी टॅग, प्रत्येक वळणाआधी रीडर.

आधी हद्द आखा

कोणता निर्णय कुणाचा हे मॉडेल काढण्याआधीच ठरवा. साधा नियम असा: १०० मिलिसेकंदांच्या आत उत्तर लागतं ते सगळं पीएलसीचं, आणि एक सेकंद उशीर झाला तरी चालतं ते एजंटचं. मधे जे उरेल तेही पीएलसीला द्या. जावाच्या मेमरी सफाईत प्रोग्राम क्षणभर थांबतो, नेटवर्कवर निरोप रेंगाळतो, आणि हे कधी होईल ते आधी सांगता येत नाही.

सुरक्षेबाबत सूट नाही. इमर्जन्सी स्टॉप, गार्डचा इंटरलॉक, लाइट कर्टन हे सेफ्टी रिले किंवा सेफ्टी पीएलसीवरच राहतात आणि त्यांची रचना आयएसओ १३८४९ प्रमाणे स्वतंत्रपणे तपासली जाते. जनरेटरने लिहिलेली एकही ओळ तिथे जाता कामा नये. एजंट फक्त मागणी करतो. सिलिंडर हलवायचा की नाही हे इंटरलॉक पाहून पीएलसी ठरवतो.

आता वेळेचा हिशोब. कन्व्हेयरचा वेग मिनिटाला १२ मीटर, म्हणजे सेकंदाला २० सेंटिमीटर. रीडर वळणाच्या १.६ मीटर आधी असेल तर हातात ८ सेकंद आहेत. वळणाचा सिलिंडर हलायला अर्धा-पाऊण सेकंद, सिग्नल वर जाऊन हुकूम खाली यायला अर्धा सेकंद धरा. उरले साधारण साडेसहा सेकंद. बोलीची पहिली फेरी १ सेकंदात, गरज पडली तर दुसरी फेरी आणखी एका सेकंदात, आणि ३ सेकंदांत हुकूम आला नाही तर पीएलसी पॅलेट सरळ लूपवर पुढे सोडतो. ही शेवटची तरतूद पहिल्या दिवसापासून असली पाहिजे. रीडर वळणाला चिकटून बसवला असेल, तर सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी वेळ पुरणार नाही. तो आधी मागे सरकवा.

मॉडेलमध्ये काय घ्यायचं

मेटामॉडेल म्हणजे मॉडेलची व्याकरण-पुस्तिका. ती इक्लिप्स मॉडेलिंग फ्रेमवर्क या मॉडेल बांधण्याच्या साधनसंचाच्या ई-कोअरमध्ये बांधा; पंधरा-वीस क्लास पुरतात. रिसोर्स, स्किल, ऑपरेशन, प्रोसेस प्लॅन, थांबा, वळण, सिग्नल ही लाईनची बाजू. एजंट, भूमिका, संवाद, निरोप, मुदत, पर्यायी कृती ही एजंटांची बाजू. मॉडेल लिहायला चित्रापेक्षा मजकूर बरा. एक्सटेक्स्टने छोटी भाषा बनवता येते, आणि मजकूर असला की गिटमध्ये कालच्या-आजच्या आवृत्तीतला फरक ओळीओळीने दिसतो. चित्रातला फरक पाहताना डोळे दुखतात आणि तरीही चूक निसटते.

सगळ्यात जास्त विचार स्किलवर करा. मशीनच्या नावापुढे जॉब नंबरांची यादी लिहिण्याचा मोह होतो, पण मग नवा जॉब आला की प्रत्येक मशीनची नोंद उघडावी लागते. मशीनने स्वतःची क्षमता सांगावी: ड्रिलिंग, व्यास ३ ते २० मिमी, खोली ८० मिमीपर्यंत, फिक्स्चर अमुक. जॉबच्या प्रोसेस प्लॅनने गरज सांगावी: एम१० टॅपिंगआधी ८.५ मिमीचं ड्रिल, खोली २२ मिमी. जुळवणी एजंट करतील. जॉब वाढले की फक्त प्लॅन वाढतात.

यानंतर ओसीएल या मॉडेलवरच्या अटी मांडण्याच्या भाषेत नियम लिहा आणि ते मोडले तर जनरेटर चालूच होणार नाही अशी व्यवस्था करा. किमान हे चार हवेत:

– प्रत्येक ऑपरेशनसाठी लागणारं स्किल निदान एका रिसोर्सकडे असलंच पाहिजे.
– प्रत्येक संवादाला मुदत आणि मुदत उलटल्यावरची कृती दोन्ही हवीत.
– प्रत्येक सिग्नल लिहिणारा एकच असावा, एजंट किंवा पीएलसी.
– प्रत्येक वळणाला हुकूम न आल्यास घ्यायची दिशा नेमलेली असावी.

तिसरा नियम क्षुल्लक वाटतो, पण दोघांनी एकच बिट लिहिल्याने होणारा बिघाड कित्येक दिवस सापडत नाही. मॉडेलमध्ये तो काही सेकंदांत सापडतो.

उलट, ज्यातून काही जनरेट होत नाही आणि ज्यावर कुठला नियम तपासला जात नाही ते मॉडेलमध्ये घेऊ नका. पॅनेलमधल्या वायरिंगचे रंग, मोटरचे नेमप्लेट आकडे, ऑपरेटरच्या पाळ्या आपापल्या जागी ठीक आहेत. मॉडेल फुगलं की कुणी ते अद्ययावत ठेवत नाही, आणि शिळं मॉडेल घातक असतं.

बोली कशी लावायची

पॅलेट रीडरवर आलं की त्याचा एजंट डिरेक्टरीत विचारतो: हे ऑपरेशन कोण करू शकतं? मिळालेल्या मशीन-एजंटांना तो बोलीचं आवाहन पाठवतो. प्रत्येक मशीन एकतर बोली देतं किंवा कारण सांगून नकार देतं. बोली एकाच एककात हवी, आणि सेकंद हे सोयीचं एकक आहे: आजपासून नाही, आत्तापासून किती सेकंदांत हा जॉब उतरेल.

समजा जॉबची सायकल ३१० सेकंदांची आहे. पहिल्या मशीनवरचं काम संपायला ४५० सेकंद आहेत, बफर रिकामा, पॅलेट पोचायला २० सेकंद. तिसऱ्यावर ४२० सेकंद बाकी, बफर रिकामा, पोचायला ४५ सेकंद. दुसरं मशीन मोकळं आहे, पण लागणारं टूल मॅगझिनमध्ये नाही आणि सेटिंगला १५ मिनिटं लागतील. चौथ्याचा बफर भरलेला, म्हणून नकार. पॅलेटचा प्रवास आणि मशीनवरची वाट पाहणं एकाच वेळी चालतं, त्यामुळे दोन्हींतला मोठा आकडा धरायचा, बेरीज करायची नाही. ही बेरजेची चूक सर्रास होते आणि लांबच्या मशीनवर अन्याय करते. हिशोब मग असा: पहिलं ४५० अधिक ३१०, म्हणजे ७६०. तिसरं ४२० अधिक ३१०, म्हणजे ७३०. दुसरं ९०० अधिक ३१०, म्हणजे १२१०. काम तिसऱ्याला.

इथे काय काय बिघडतं ते सविस्तर पाहायला हवं, कारण बहुतेक प्रकल्प इथेच रखडतात.

दुहेरी आरक्षण. दोन पॅलेट्सनी एकाच वेळी आवाहन केलं, तिसऱ्या मशीनने दोघांनाही ७३० सांगितलं आणि दोघांनीही होकार कळवला. बफर मात्र एकच. यावर उपाय म्हणजे बोली देताना जागा तात्पुरती राखून ठेवणं. राखणीची मुदत बोलीच्या मुदतीपेक्षा मोठी हवी: बोलीला १ सेकंद तर राखणीला २. राखणी संपल्यावर होकार आला तर मशीनने अपयश कळवावं आणि पॅलेटने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीकडे वळावं. मुदती नेहमी कालावधी म्हणून पाठवा, घड्याळाची वेळ म्हणून नको. दोन संगणकांच्या घड्याळांत तीन सेकंदांचा फरक असला तर राखणी जन्मतःच संपलेली असते.

बंद मशीन सगळी कामं ओढतं. मशीन अलार्मवर आहे, स्पिंडल थांबलेला आहे, म्हणून एजंट त्याला मोकळं समजतो आणि सर्वात कमी बोली देतो. एकामागून एक पॅलेट्स तिथेच जातात. म्हणून ‘चालू नाही’ यावरून ‘मोकळं आहे’ असा अर्थ काढू नका. पीएलसीने ‘तयार’ असं स्पष्ट सांगितलं तरच बोली. शिवाय लागोपाठ दोन कामं फसली की एजंटाने स्वतःच बोलीतून बाहेर पडावं आणि ऑपरेटरने रीसेट केल्यावरच परत यावं.

चंचलपणा. लूपच्या दर फेरीला पुन्हा बोली मागवली तर पॅलेट दहा सेकंदांच्या फायद्यासाठी मशीन बदलत राहतं. ठरलेलं मशीन सोडायला किमान ६० सेकंदांचा फायदा हवा अशी अट घाला. आणि लूपच्या तीन फेऱ्या होऊनही पॅलेटला मशीन मिळालं नाही तर ते अनलोडिंगला आणून माणसाला दाखवा.

लूप तुंबणं. लूपवरचे दहाही थांबे भरले, त्या सगळ्यांना तिसरंच मशीन हवं आहे आणि तिसऱ्याचं तयार पॅलेट बाहेर पडायला जागा नाही, की सगळं जागच्या जागी अडकतं. १० लूपवर आणि २ तिसऱ्याकडे मिळून १२ होतात, म्हणजे आपल्या सेलमध्ये हे खरोखर घडू शकतं. बोलीने हे सुटत नाही, कारण प्रत्येक एजंट आपल्यापुरता बरोबर असतो. नियम सेलच्या पातळीवर हवा: लूपवरची शेवटची रिकामी जागा फक्त अदलाबदलीसाठी, म्हणजे पॅलेट बाहेर सोडून लगेच लूपवरचं पॅलेट आत घेणाऱ्या मशीनसाठी. हा नियम मॉडेलमध्ये लिहा, पण पाळायला पीएलसीला द्या.

जनरेटर

मॉडेलवरून कोडचा मजकूर काढणाऱ्या ॲक्सेलिओसारख्या साधनाच्या साच्यांतून चार गोष्टी काढा: जेड या जावातल्या एजंट-फ्रेमवर्कवर चालणारे एजंटांचे क्लास, पीएलसीचे ब्लॉक आणि डेटा स्ट्रक्चर (पीएलसीओपनच्या एक्सएमएलमध्ये, म्हणजेच आयईसी ६११३१-१० मध्ये), ओपीसी यूएच्या पत्त्यांची नोडसेट फाईल, आणि सिम्युलेशनची मांडणी. पीएलसी कोणत्या कंपनीचा आहे यावर एक्सएमएल कितपत सरळ आत जाईल ते अवलंबून असतं, म्हणून एक छोटा ब्लॉक पहिल्याच आठवड्यात आयात करून पाहा. नवीन सेल असेल आणि कंट्रोलर निवडण्याची मोकळीक असेल तर आयईसी ६१४९९ हे मानक आणि त्यावर बेतलेलं फोरडायॅक हे साधन यांचाही विचार करावा. तिथे ब्लॉक घटनांवर चालतात आणि एजंटांच्या विचारपद्धतीशी ते जवळचं आहे. पण मेंटेनन्सची माणसं लॅडर (रिलेच्या आकृतीसारखी दिसणारी पीएलसीची भाषा) वाचणारी असतील तर आयईसी ६११३१-३ या पीएलसीच्या भाषांच्या मानकावरच राहा. रात्री दोन वाजता पॅनेल उघडणाऱ्याला समोरचं वाचता आलं पाहिजे.

जनरेट झालेल्या फाईलमध्ये हाताने काहीही लिहू नका. बोलीचं गणित, खास अपवाद हे वेगळ्या उपवर्गात ठेवा. जनरेटर पायाचा वर्ग पुन्हा लिहील, उपवर्गाला हात लावणार नाही. जनरेट झालेल्या फाईल्सचं फोल्डर बिल्डच्या सुरुवातीला पूर्ण पुसून टाका, म्हणजे कुणी तिथे ओळ घातली असेल तर ती त्याच दिवशी उघडी पडेल.

जेडबद्दल एक इशारा. प्रत्येक एजंटाला एकच थ्रेड असतो आणि त्याची सगळी वर्तनं आळीपाळीने त्यावर चालतात. एका वर्तनात पीएलसीच्या उत्तरासाठी थांबून राहिलात तर तो एजंट बोलीच्या आवाहनालाही उत्तर देत नाही, आणि बाहेरून तो मेल्यासारखा दिसतो. निरोप नसेल तर वर्तनाने ब्लॉक करून थ्रेड सोडायचा, मुदतीसाठी वेकर, म्हणजे ठरल्या वेळी जागं होणारं वर्तन, वापरायचं. हे साच्यातच पक्कं करा, म्हणजे प्रत्येक एजंटात तपासावं लागणार नाही.

एजंट आणि पीएलसीचा हँडशेक

प्रत्येक वळणासाठी एजंटाने लिहायची तीन खाती: पॅलेट क्रमांक, दिशा, हुकूम क्रमांक. पीएलसीने लिहायची तीन: शेवटचा मान्य हुकूम क्रमांक, निकाल, पास झालेल्या पॅलेट्सचा काउंटर. ओपीसी यूएमध्ये एका फटक्यात अनेक नोड लिहिले तरी ते सगळे पीएलसीच्या एकाच स्कॅनमध्ये (प्रोग्रामच्या एका फेरीत) उतरतील याची हमी नाही. म्हणून पॅलेट आणि दिशा आधी लिहा, त्यांची पोच आल्यावर हुकूम क्रमांक वाढवा. क्रमांक बदललेला दिसला तरच पीएलसीने बाकीची खाती वाचावीत. रीडरवरचं पॅलेट आणि हुकुमातलं पॅलेट जुळत नसेल तर हुकूम नाकारावा. उशिरा आलेला हुकूम पुढच्या पॅलेटला लागण्याचा धोका याने टळतो.

घटना एका स्कॅनच्या पल्सने कळवू नका. १० मिलिसेकंदांचा पल्स १०० मिलिसेकंदांच्या सॅम्पलिंगमध्ये बहुतेक वेळा हरवतो, आणि कधी कधी सापडतो म्हणून टेबलावरच्या चाचणीत सगळं ठीक वाटतं. काउंटर वाढवा, एखादं वाचन चुकलं तरी पुढच्या वाचनात फरक दिसतो.

दोन्ही बाजूंनी दर ५०० मिलिसेकंदांनी ‘मी चालू आहे’ असा ठोका ठेवा. तीन ठोके चुकले, म्हणजे दीड सेकंद, की पीएलसी स्वतःच्या साध्या नियमांवर जातो. एजंट परतल्यावर आपोआप ताबा देऊ नका. आधी सगळ्या पॅलेट्सच्या जागा पीएलसीकडून नव्याने वाचून घ्यायला लावा. पॅनेलवर ‘लोकल / एजंट’ असा खराखुरा सिलेक्टर स्विच द्या. ऑपरेटरचा विश्वास बसायला त्याची फार मदत होते.

चाचणी

पीएलसी आणि लाईन दोन्ही सिम्युलेट करून आधी हजारो पॅलेट्स फिरवा. नुसतं सुरळीत चालवून काही कळत नाही, बिघाड मुद्दाम घाला: एजंट मधेच मारा, नेटवर्क काढा, निरोप दोन सेकंद उशिरा द्या, तोच निरोप दोनदा द्या, सायकलच्या मध्यात मशीन अलार्मवर टाका. प्रत्येक वेळी दोनच गोष्टी तपासा: कोणतंही पॅलेट हरवलं नाही ना, आणि लूप थांबला नाही ना. प्रत्येक निरोपात फिपाचं संवाद क्रमांकाचं खातं भरा आणि तोच क्रमांक पीएलसीच्या लॉगमध्येही उतरवा. नाहीतर चार एजंटांच्या नोंदी जुळवण्यात दिवस जातो.

लाईनवर आणताना आधी किमान एक आठवडा एजंटांनी नुसते निर्णय घ्यावेत, पीएलसीने ते पाळू नयेत. सुपरवायझरचा निर्णय आणि एजंटांचा निर्णय शेजारी ठेवून वाचा. जिथे फरक दिसेल तिथे बहुतेकदा सुपरवायझरला माहीत असलेली आणि मॉडेलमध्ये नसलेली एखादी गोष्ट निघते: अमुक फिक्स्चर ढिलं आहे, अमुक मशीनला मोठा कट झेपत नाही. ती मॉडेलमध्ये घाला. मग एकच वळण एजंटांकडे द्या, आणि ते नीट चाललं की पुढचं.

भाषा-मॉडेलवाले एजंट

मजकूर समजणारे नवे एजंट या कामात वापरता येतात, पण चालत्या लाईनच्या मार्गात नाही. प्रोसेस शीट किंवा मशीनच्या मॅन्युअलमधून स्किलच्या नोंदींचा कच्चा मसुदा काढणं, चाचणीसाठी बिघाडांच्या कल्पना सुचवणं, मॉडेलमधला बदल साध्या भाषेत समजावणं ही त्यांची चांगली कामं. त्यांच्याकडून थेट पीएलसी कोड लिहवून घेण्याऐवजी मॉडेलचा मजकूर लिहवून घ्या. तो मेटामॉडेलच्या व्याकरणातून आणि ओसीएलच्या नियमांतून जावा लागतो, त्यामुळे बऱ्याच चुका आपोआप अडतात. व्यास आणि खोलीचे आकडे मात्र माणसाने मूळ कागदाशी ताडून पाहायचेच. २२ च्या जागी ३२ आलं तर नियम काहीच बोलणार नाहीत, कारण ३२ हीसुद्धा वैध खोली आहे.

लाईन सुरू झाल्यानंतर

मेंटेनन्सवाला रात्री उत्पादन वाचवण्यासाठी पीएलसीत ऑनलाइन बदल करणार, हे धरून चला. त्याला अडवू नका, पण बदल लपू देऊ नका. जनरेटरने मॉडेलची हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) पीएलसीत आणि एजंटांतही घालावी. सुरू होताना दोन्ही जुळल्या नाहीत तर एजंटांनी ताबा घेऊ नये. हाताने केलेला बदल मात्र हॅशमध्ये दिसत नाही, म्हणून रोज सकाळी पीएलसीतला प्रोग्राम अपलोड करून जनरेट झालेल्या प्रोग्रामशी आपोआप ताडून पाहा. फरक निघाला की दोनच मार्ग: तो मॉडेलमध्ये आणा किंवा त्याच आठवड्यात परत फिरवा. फरक तसाच ठेवून पुढचं जनरेशन केलं तर रात्रीची दुरुस्ती पुसली जाते, तोच बिघाड परत येतो, आणि मेंटेनन्सची माणसं सिलेक्टर कायमचा ‘लोकल’वर ठेवू लागतात.